वळणावरची पिवळी चकती

मला वर उचललं की समोरचा माणूस हमखास चिडतो. कुणी डोळे वटारतो, कुणी पुटपुटतो, एकाने तर हातातला पाण्याचा पेला माझ्यावर रिकामा केला होता. तरीही मी जन्मभर वर जायलाच उतावीळ राहिले. मी चालण्याच्या शर्यतीतल्या पंचाच्या हातातली पिवळी चकती बोलतेय.

आमचं गाव स्लोव्हाकियातलं, व्हाह नदीच्या काठचं. तिथल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बार्तोलोमेय मास्तरांनी मला प्लायवूडच्या तुकड्यातून कापलं, झाडूचा दांडा बसवला आणि बसथांबा रंगवून उरलेला पिवळा रंग दिला. मग एका बाजूला काळी नागमोडी रेघ काढली, दुसऱ्या बाजूला काळा कोन. रेघ म्हणजे, बाबा रे, तुझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटतायत, तू पळतोयस. कोन म्हणजे, तुझा पुढचा गुडघा वाकतोय. चालण्याच्या शर्यतीत या दोनच गोष्टींना मनाई असते, आणि दमलेल्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी कराव्याशा वाटतात.

मी नुसती ताकीद देते. पंचाला दोष स्पष्ट दिसला तर तो लाल चिठ्ठी लिहून मुख्य पंचाकडे पाठवतो. तीन वेगवेगळ्या पंचांच्या तीन चिठ्ठ्या झाल्या की चालणारा बाद. त्यात यंत्र नाही, कॅमेरा नाही. पंचाचे उघडे डोळे, बस. म्हणून पंचाचा हात सारखा चुळबुळत असतो. शर्यत सुरू झाली की मास्तर मला बोटांत गरागरा फिरवत. रेघ, कोन, रेघ, कोन. आता उचलतील, मग उचलतील, या घालमेलीतच माझी तरुणपणाची वर्षं गेली.

एप्रिलमधल्या एका रविवारी एक बाई तरातरा आमच्याकडे चालत आली. झेल्मीरा तिचं नाव. गावातल्या गरम पाण्याच्या तरणतलावावर ती तिकीट खिडकीत बसायची. तिचा नवरा वेंडेलीन रेल्वेत वायरमन होता. तो नुकताच शेवटच्या फेरीत बाद झाला होता, आणि तिसरी चिठ्ठी आमच्या मास्तरांची होती.

“तुम्हाला दिसतं तरी का हो?” ती कडाडली. “वर्षभर मर मर मरतो तो. बर्फात चालतो, पावसात चालतो. आणि तुम्ही इथं झाडाखाली उभं राहून त्याचं वाटोळं करता!”

मास्तर तिच्याकडे बघेचनात. ते रस्त्याकडे बघत होते. “बाई, अजून मुलांची शर्यत व्हायचीय. ही धरा.” त्यांनी मला तिच्या हातात दिलं. “इथं उभ्या राहा. वर मात्र उचलायची नाही. ही शर्यत संपली की हव्या तेवढ्या शिव्या द्या. मी कुठं पळून जात नाही.”

तिचा हात रागाने तापलेला होता. पहिल्या फेरीत तिला सगळ्या मुलांचे गुडघे वाकलेले दिसले. दुसऱ्या फेरीत एकाचाही दिसला नाही. तिसऱ्या फेरीला ती रडकुंडीला आली.

“मला काही म्हणजे काहीच कळत नाहीये!”

“छान,” मास्तर म्हणाले. “माझंही असंच झालं होतं. शिव्या देताय ना?”

ती तशीच निघून गेली. पण पुढच्या रविवारी हजर.

“मला चैन पडत नाहीये,” ती मास्तरांना म्हणाली. “खिडकीतून आता माणसांचे चेहरेच दिसत नाहीत, गुडघेच दिसतात. काल एका म्हाताऱ्याला लहान मुलाचं तिकीट दिलं मी.”

“इथं पगार नसतो हं,” मास्तरांनी आधीच सांगून टाकलं. “वाटीभर गुलाशचा रस्सा मिळतो, आणि उन्हात उभं राहायला मिळतं.”

अशी झेल्मीरा आमच्यात आली. सुरुवातीला तिच्याकडे पाण्याचं टेबल होतं. मग फेऱ्या मोजणं आलं, मग शेवटच्या फेरीची घंटा. हिवाळ्यात शाळेच्या व्यायामशाळेत हीटरजवळ बसून तिने नियम घोकले, पडद्यावर चालणाऱ्यांचे पाय पाहिले, परीक्षा दिली आणि सर्वात खालच्या श्रेणीची पंच झाली. दोन हंगामांनी त्याच्या वरची श्रेणी मिळाली. त्याच सुमारास मास्तरांनी मला कायमचं तिच्या हवाली केलं.

“मला हल्ली सगळेच नियमात चालताना दिसतात,” ते म्हणाले. “असल्या पंचाने घरी बसावं.”

मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. झेल्मीराचा हात मास्तरांच्या हातापेक्षा चंचल होता, आणि माझ्या स्वभावाला तो मानवला.

घरी मात्र माझं स्वागत झालं नाही. तिने मला दारामागच्या खुंटीला टांगलं, तर वेंडेलीन म्हणाला, “हिला गाडीत ठेव. जेवताना मला ही बाई समोर नको.”

“तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीये ती.”

“तू बघतेस ना! परवा मी कचरा टाकायला गेलो तर खिडकीतून माझे पाय बघत होतीस. झेल्का, खरं सांग, माझी बायको आहेस की पंच आहेस?”

“कचरा टाकताना गुडघा वाकला तर चालतो,” ती म्हणाली. तो हसला, पण अर्धाच. ज्या लोकांनी त्याला बाद केलं त्यांच्यात बायको जाऊन बसली, हे त्याच्या घशाखाली उतरलेलं नव्हतं.

मग देशपातळीच्या पंचाची परीक्षा आली. ती आमच्याच गावात, प्रांतिक स्पर्धेच्या दिवशी ठरली. ब्रातिस्लावाहून ओतीलिया नावाच्या परीक्षक बाई येणार होत्या. उंच, काटकुळ्या, गळ्यात दुर्बीण, पण ती डोळ्याला कधी लावायच्या नाहीत. झेल्मीराने त्यांना सकाळीच सांगितलं, “माझा नवरा आज चालतोय.”

“या देशात चालणारे किती आणि पंच किती?” ओतीलियाबाई म्हणाल्या. “प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच. तुम्हाला जमणार नसेल तर बाजूला व्हा. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल.”

झेल्मीराने माझा दांडा घट्ट धरला. “उभी राहते,” ती म्हणाली.

नदीकाठच्या चेस्टनटच्या झाडांखाली, वळणावर आम्ही उभ्या राहिलो. चालणारे थोडे, म्हणून बायका-पुरुष एकत्रच सोडले होते. तिसऱ्या फेरीला वेंडेलीन आला, आणि मला कळायच्या आत मी वर होते, कोनाची बाजू त्याच्याकडे करून. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. पुढची प्रत्येक फेरी तो आमच्यासमोरून गुडघा काठीसारखा ताठ ठेवून गेला. पण दुसऱ्या टोकाच्या पंचांनी त्याला दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. फलकावर त्याच्या नंबरापुढे दोन लाल खुणा दिसत होत्या. अजून एक, की संपलं.

शेवटची फेरी. दोन चालणारे खांद्याला खांदा लावून आले आणि त्यांच्या मागे, जवळजवळ त्यांच्या सावलीत, वेंडेलीन. चेहरा पांढरा पडलेला, तोंड उघडं. पुढच्या दोघांच्या पायांतून त्याचा पाय दिसला, झाकला गेला, पुन्हा दिसला. झेल्मीराची बोटं चिठ्ठीच्या खिशाकडे गेली आणि तिथंच थांबली. तोवर तो निघून गेला होता.

तिने चिठ्ठी लिहिली नाही. वेंडेलीन तिसरा आला. इतक्या वर्षांत त्याच्या गळ्यात पहिल्यांदा पदक पडलं.

गुलाशच्या पातेल्याभोवती सगळे जमले तेव्हा चौथा आलेला राडोवान, लाकडाच्या वखारीवरचा दणकट गडी, पाव मोडता मोडता मोठ्याने म्हणाला, “घरचा पंच असला की गुडघे आपोआप सरळ होतात बघा!”

चारपाच जण हसले. वेंडेलीनने वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता हाणामारी होणार. पण तो नुसता उठला आणि गाडीकडे गेला.

ओतीलियाबाईंनी झेल्मीराला नदीकडेला बोलावलं. मी तिच्या काखेत.

“शेवटच्या फेरीत काय दिसलं?”

“दोघांच्या मागे होता तो. जेवढं दिसलं, तेवढ्यात गुडघा वाकलेला नव्हता. जे दिसलं नाही ते मी कसं लिहू?”

“दुसरा कुणी असता तर?”

झेल्मीरा पाण्याकडे बघत राहिली. “तेव्हापासून मी स्वतःला हेच विचारतेय.”

“तेच!” ओतीलियाबाई म्हणाल्या. “चिठ्ठी दिली नाहीत, त्यावर मी अवाक्षर काढणार नाही. न दिसलेल्याची चिठ्ठी नसते. पण त्याच्यानंतर कोण गेलं?”

“त्याच्यानंतर?”

“चार जण गेले. निळ्या टोपीवाली मुलगी तर चक्क पळत होती. माझ्या आजीलासुद्धा दिसलं असतं. तुम्ही कुठं बघत होतात?”

झेल्मीराला आठवेना. मला आठवत होतं. ती मान वळवून जाणाऱ्या वेंडेलीनच्या पाठीकडे बघत होती, आणि मी तिच्या हातात उलटी लोंबत होते. ती मुलगी आमच्या पुढ्यातून उड्या मारत गेली तेव्हा वर जायला मी किती तडफडले! पण लाकडाच्या तडफडण्याला कोण विचारतं?

“या वर्षी नाही,” ओतीलियाबाई म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या.

मग आम्ही गाडीतून घरी निघालो. मी मागच्या सीटवर पडले होते, शेजारी पदक.

“वाकला होता का गं?” शेवटी वेंडेलीनने विचारलं.

“माहीत नाही.”

“असं कसं माहीत नाही?”

“नाही माहीत. पाय तुझे आहेत, तुला माहीत असेल की!”

त्याने गाडी पुलाकडे वळवली. पुलावर चढल्यावर म्हणाला, “मलाही नाही माहीत. शेवटच्या फेरीत मला पाय आहेत हेच कळत नव्हतं.”

ती आधी हसली, मग रडायला लागली. त्याने गाडी कडेला घेतली. “नापास केलं त्यांनी मला,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे नाही. तू गेल्यावरसुद्धा मी तुलाच धरून बसले म्हणून.”

वेंडेलीनने त्यावर बराच विचार केला असावा. कारण पुढच्याच आठवड्यात तो तिला आणि मला घेऊन रेल्वे स्टेशनावर गेला. झिलिनाची गाडी आली, माणसं उतरली, आमच्या बाकासमोरून भराभरा गेली. गाडी सुटल्यावर त्याने विचारलं, “लाल बॅगवाल्याच्या मागे कोण होतं?”

“थांब हं. लंगडणारी एक बाई.”

“नाही. तिच्या आधी एक पाद्री गेला. तू अजून लाल बॅगेतच अडकलीस. पुन्हा.”

सगळा हिवाळा त्यांचा हाच उद्योग होता. ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि पायांच्या प्रत्येक जोडीमागे ओठांत म्हणायची, “गेला. पुढचा. गेला. पुढची.” स्टेशनमास्तर एकदा विचारायला आले, “वेंडेलीन, बायको बरी आहे ना रे?” तो म्हणाला, “बरी कसली! पंच व्हायचंय तिला.”

पुढच्या वसंतात दुसऱ्या गावी ती पुन्हा परीक्षेला उभी राहिली. त्या दिवशी मी पुष्कळदा वर गेले, आणि प्रत्येक वेळी खाली येण्याआधीच तिचे डोळे पुढच्या पायांवर होते. ओतीलियाबाईंनी शेवटी हात पुढे केला. वेंडेलीन लांब, दोरीपलीकडे उभा होता. त्याने तिथूनच शिट्टी वाजवली.

तिची बढती झाली आणि माझं काम सुटलं. मोठ्या स्पर्धांत चकत्या तिथलेच लोक देतात, कारखान्यात बनलेल्या, हलक्या, गुळगुळीत. झेल्मीरा मला घरी ठेवून जाऊ लागली. दारामागची खुंटी आता मला मिळाली आहे, कुणी हरकत घेत नाही. माझा रंग उडालाय, कोनाची एक बाजू खरवडलीय. सप्टेंबरात अंगणात आलुबुखाऱ्याचा मुरंबा शिजतो तेव्हा वेंडेलीन मला घेऊन गांधीलमाश्या हाकलतो. पिवळ्या रंगावर त्या अजूनच येतात, पण हे त्याला कोण सांगणार?

परवा झेल्मीरा पोर्तुगालला गेली. एवढ्या मोठ्या शर्यतीची तिची पहिलीच वेळ. वेंडेलीन सकाळपासून घरात येरझारा घालत होता. शर्यत टीव्हीवर लागली तेव्हा त्याने मला खुंटीवरून काढलं आणि खुर्चीत बसून माझा दांडा मुठीत धरला. चालणारे आले की ओरडायचा, “उचल! अगं उचल ना!” तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि कॅमेरा तिच्याकडे जातही नव्हता.

मग एकदा गेला. वळणावर टोपी घातलेली आमची झेल्मीरा. सर्वात पुढचा चालणारा तिच्यासमोर आला, तिचा हात वर गेला, परकी चकती चमकली. तो माणूस चिडून तिच्याकडे बघत काहीतरी ओरडला, मान मागे वळवून ओरडतच राहिला. तिची मान मात्र वळली नाही. तिच्यापुरता तो केव्हाच गेला होता.

वेंडेलीनने श्वास सोडला. मीही सोडला असता.

माझं एवढंच मागणं आहे. कधी रस्त्याच्या वळणावर अशी एखादी बाई पिवळी चकती घेऊन उभी दिसली तर तिला खुशाल बोला, तिला सवय आहे. तिच्या डोळ्यांत दोष काढा, तिच्या नवऱ्याचा उद्धार करा. पण तिच्या समोर येऊन उभे राहू नका. जरा बाजूला व्हा. तिला पाय दिसू द्या.