आमचा यतिन कॅशला असतो

पिस्तूल उघडं लावायचं की झाकून, हा प्रश्न क्रेगने चहा पिता पिता विचारला आणि यतिनने तो पुढचा घोट घ्यायच्या आत निकालात काढला. एवढ्या घाईने माणूस भेंडीसुद्धा निवडत नाही. पण यतिनचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, आणि ते पिस्तुलाकडे बघून नाही, बाबांकडे बघून ठरलेलं होतं.

मेलबर्नमधल्या एका कंपनीत यतिन एटीएममध्ये आणि दुकानांत रोकड पोचवायच्या कामावर होता, आणि क्रेग त्याचा टीम लीडर. या कामाला हत्याराचा परवाना मिळतो. नाहीतर त्या देशात कमरेला पिस्तूल म्हटलं की तो पोलीस, दुसरं कोण असणार? तर कंपनीत दोन तऱ्हा होत्या. एक युनिफॉर्मवाली: चिलखती गाडी, छातीवर कंपनीचं नाव, कमरेला अख्ख्या जगाला दिसेल असं पिस्तूल. दुसरी गुपचूप: साधी गाडी, साधे कपडे, पाठीला सॅक आणि पिस्तूल सैल शर्टाच्या आत. दोन्हीला माणसं हवी होती. क्रेग म्हणाला, तुला काय आवडेल ते सांग, मेट. तिकडे दोस्ताला मेट म्हणतात.

"शर्टाच्या आतलं," यतिन म्हणाला.

मिताली, त्याची बायको, हे ऐकून वैतागलीच. "अरे, उघडं लाव की. दिसलं तर लोक चार हात लांब तरी राहतील. झाकलेलं कुणाला कळणार आहे? कुणीही येऊन अंगाला खेटेल."

"बाबा येतायत पुढच्या महिन्यात."

"मग सांग ना त्यांना. कधीतरी सांगावंच लागणार आहे."

"सांगतो गं, बघू," असं म्हणून त्याने विषय टोलवला. टोलवण्यात पठ्ठ्या पहिल्यापासून पटाईत.

आता या टोलवाटोलवीचं मूळ सांगतो. यतिन आला होता अकाउंटिंग शिकायला. युनिव्हर्सिटीच्या फीसाठी वीकएंडला सिक्युरिटीचं काम धरलं, ते डिग्री मिळाली तरी सुटलं नाही, पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला तरी सुटलं नाही. पिंपरीहून फोनवर बाबांनी, म्हणजे रामभाऊंनी, विचारलं, "सध्या कशात आहेस?" हा म्हणाला, "कॅशमध्ये आहे बाबा." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण रामभाऊंनी ऐकलं ते आपल्या कानांनी ऐकलं. त्यांच्या हिशेबी कॅशला असणं म्हणजे बँकेत, काचेमागे, खुर्चीवर. तरुणपणी त्यांनी स्वतः बँकेची लेखी परीक्षा पास केली होती आणि मुलाखतीला मागे पडले होते. ते शल्य त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. "आमचा यतिन ऑस्ट्रेलियात कॅशला असतो." एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला आता तोंडाने सांगायचं तरी कसं, की बाबा, काच नाही, खुर्ची नाही, कमरेला पिस्तूल आहे? त्यातून रामभाऊ बुद्धविहारातले जुने, जाणते. लहानपणी घरात झुरळ निघालं तरी ते कागदावर उचलून बाहेर सोडायचे. यतिनने मूग गिळले, आणि मूग गिळायची एकदा सवय लागली की लागलीच.

रामभाऊ आले. मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातलं घर त्यांना आवडलं, नात ईशानी आवडली, ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देते तेही आवडलं. रोज सकाळी नाश्ता करून ते जवळच्या शॉपिंग सेंटरला चालत जायचे. तिथे मधल्या बाकांवर पंजाबी, गुजराती, तेलुगू आजोबांची बैठक भरायची आणि सगळ्यांचा कारभार मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचा. अकराच्या सुमाराला परत. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या माणसांची बुद्धवंदना असायची. तिथे दुसऱ्याच आठवड्यात लोक त्यांनाच म्हणू लागले, काका, तुम्हीच सुरू करा. आवाजच तसा होता त्यांचा, खणखणीत.

यतिन सकाळी साध्या शर्टात निघायचा. पिस्तूल डेपोतच राहायचं, कामावर गेल्यावर चढवायचं आणि सुटताना जमा करायचं, त्यामुळे घरात संशयाला जागाच नव्हती. रामभाऊ शर्टाची इस्त्री बघून खूश. "बँकेत टाय लागत नाही का रे इथे?" एवढंच एकदा म्हणाले होते.

मग तो मंगळवार आला. दुसऱ्या टीममधला कुणीतरी आजारी पडला आणि त्यांचा राउंड यतिनच्या गळ्यात पडला. यादीतलं पहिलंच नाव बाबांच्या शॉपिंग सेंटरचं. नियम साधा होता: जिथे ओळखीची माणसं असतील ती जागा आधी सांगायची, क्रेग दुसऱ्या कुणाला पाठवतो. सांगायला किती वेळ लागला असता? पण सांगितलं की क्रेग विचारणार, वडील रोज तिथे बसतात तर त्यांना तुझं काम ठाऊक असेलच ना? त्यापेक्षा नकोच. यतिनने मनाशी धरलं की आपण पोचेपर्यंत अकरा वाजून जातील. पोचले तेव्हा साडेदहाच झाले होते. तेव्हा तरी बोलायचं होतं त्याने. नाही बोलला. पुढे कितीतरी दिवस त्याला हीच गोष्ट टोचत राहिली, की तोंड उघडायच्या जागा एक नाही, चांगल्या तीनचार मिळाल्या होत्या.

क्रेग बाहेर गाडीत, यतिन आत. एटीएममागच्या खोलीतून सॅक भरून तो बाहेर पडला आणि त्याच्या कानावर ती ओळखीची हाक आली.

"यतिन."

हाक ऐकली की वळून बघायचं नाही, ओळख द्यायची नाही, सरळ गाडी गाठायची, हे त्यांना शिकवताना घोटून घेतलं होतं. यतिनने पाठ फिरवली आणि चालायला लागला. आता बापाला काय वाटणार? वाटलं, पोराला ऐकू गेलं नाही. बाकावरच्या सरदारजींना रामभाऊ नुकतंच म्हणाले होते, वो देखो, मेरा लडका, बैंक में कैश पे है. त्यांच्या देखत पोरगा तसाच निघून जातोय म्हटल्यावर म्हातारा लगबगीने मागे आला, आणि अगदी घरच्यासारखा, "अहो साहेब," म्हणत त्याने यतिनच्या कमरेभोवती हात टाकला.

हात नेमका शर्टाखालच्या पिस्तुलावर पडला.

हत्यारावर हात पडला की काय करायचं, तेही घोटून घेतलेलं होतं, आणि ते डोक्याला विचारून होत नाही. यतिनचं कोपर मागे गेलं. रामभाऊ फरशीवर आपटले, मनगट अंगाखाली आलं आणि कटकन मोडलं. यतिन वळला तेव्हा शर्ट वर होता आणि पिस्तूल अर्धं बाहेर आलेलं होतं. रामभाऊ खालून बघत होते, आधी पिस्तुलाकडे, मग त्याच्या तोंडाकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसतं न समजणं होतं.

गाडीतून दारापाशीची गडबड दिसत होती; कानातल्या यंत्रात क्रेगचा आवाज आला. "काय झालं? ओळखतोस का त्याला?"

यतिन म्हणाला, "नो. आय डोन्ट नो हिम."

का म्हणाला, हे त्याने स्वतःला नंतर हजारदा विचारलं. पाठीवर रोकड होती, लोक जमत होते, हो म्हटलं असतं तर सगळंच उघड झालं असतं. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. खरं एवढंच, की तो नो म्हणाला, शर्ट खाली ओढला आणि बापाला फरशीवर सोडून गाडीकडे चालत गेला. रामभाऊंना इंग्लिश बेताचंच यायचं, पण एवढं कळण्याइतकं यायचं.

गाडी हायवेला लागल्यावर यतिनला रडू फुटलं. क्रेगने गाडी बाजूला घेतली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू मला सांगायचं होतंस, मेट." दुसरी टीम बोलावून त्याने सॅक त्यांच्या हवाली केली आणि यतिनला हॉस्पिटलला सोडलं.

मिताली आधीच पोचली होती. रामभाऊंचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिने यतिनला दाराशीच गाठलं, तिचे डोळे लाल झाले होते. "नर्सने विचारलं, कुणी ढकललं का. म्हणाले, आय स्लिप. शॉपिंग सेंटरच्या माणसाने कॅमेऱ्यात बघितलं होतं, त्याने विचारलं, तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे का. तर म्हणाले, नो नो, आय डोन्ट नो हिम. सरदारजी मध्येच म्हणायला लागले की बेटा आहे यांचा, तर त्यांना म्हणाले, नहीं, मेरी नजर की गलती हुई." तिने त्याची बाही धरली. "काय केलंस रे हे तू?"

यतिन खाटेजवळ जाऊन उभा राहिला. रामभाऊंनी चांगल्या हाताने त्याला बसायची खूण केली.

"दुखतंय का बाबा?"

"दुखणारच. तू ओळखत नाही म्हणालास ना, मला वाटलं ऑफिसचा नियम असेल. म्हटलं, आपल्या तोंडून भलतं निघून तुझ्या नोकरीवर गदा यायला नको. म्हणून मीपण तसंच सांगितलं."

यतिनला वाटलं, भुईने पोटात घ्यावं.

"बँक नाहीये बाबा."

"कळलं ते." रामभाऊ खिडकीकडे बघत राहिले. "अरे, तू उघडं लावून फिरला असतास आणि मला सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं? बोललो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. आणि मग तिथे बाकावरून लांबून बघितलं असतं तुला. अभिमानाने नसतं बघितलं, पण बघितलं असतं."

एवढंच बोलले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. घरी येणाऱ्याजाणाऱ्याला पाय घसरला असंच सांगत राहिले, ईशानीलासुद्धा. ती म्हणाली, "आबा, यू शुड वेअर बेटर शूज." ते हसले आणि तिने निवडलेले बूट घालू लागले.

यतिनने क्रेगला सांगून युनिफॉर्म मागून घेतला. आता पिस्तूल कमरेला उघडं असायचं. लोक खरोखरच बाजूला व्हायचे, पोरांना जवळ ओढून घ्यायचे. मिताली म्हणाली होती तसंच. पहिल्या दिवशी तो युनिफॉर्ममध्ये स्वयंपाकघरात आला तेव्हा रामभाऊ डाव्या हाताने चहा ढवळत होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जपून जा." बाकावरच्या बैठकीला मात्र ते परत गेले नाहीत. सरदारजींना तोंड कसं दाखवू, म्हणाले, त्या भल्या माणसाला मी खोट्यात पाडलं.

पिंपरीला परत जायच्या आधीच्या रविवारी वंदनेला हॉल भरला होता. लोकांनी रामभाऊंना पुढे बसवलं, प्लास्टरची चौकशी केली, आणि काका, आज तुम्हीच सांगायचं असा आग्रह धरला. त्यांनी त्रिशरण घेतलं. मग पंचशील. पहिलं शील, प्राणिहिंसा न करण्याचं, त्यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हटलं. मागे सगळ्यांनी म्हटलं, यतिननेही खालच्या मानेने म्हटलं. दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे रामभाऊंचा आवाज आलाच नाही.

लोकांना वाटलं, घसा बसला असेल, वय झालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पाण्याची बाटली सरकवली आणि स्वतःच ते शील म्हटलं, हॉलने तिच्यामागून म्हटलं. रामभाऊ मोडका हात मांडीवर घेऊन, ओठ मिटून तसेच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते शील गाळलं होतं, आणि कुणासाठी गाळलं हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. मग त्यांनी पाणी न पिताच पाचवं शील उचललं, पहिल्यासारख्याच खणखणीत आवाजात. मागे सगळे म्हणाले. यतिनच्या तोंडून शब्द फुटला नाही.