चिकूच्या झाडाअलीकडे

"तिथंच थांब! एक पाऊल पुढं टाकू नकोस! आलोच मी."

हा आवाज वेनान्सियाच्या कानात इतकी वर्षं राहिला होता, की आता तो नवऱ्याचा वाटायचाही नाही. शिजत्या मक्यातून बुडबुडा वर यावा तसा तो कधीमधी वर यायचा, फुटायचा, आणि ती पुन्हा कामाला लागायची.

आज तो आला तेव्हा ती रात्रभर चुन्यात भिजलेला मका धूत होती. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, मग दाणा दळायला मऊ होतो. साकमूल गावात चुन्याशिवाय चूल पेटत नाही, आणि बायकांचे हात जन्मभर चुन्याच्या पाण्यात. पण हा चुना जिथं जन्माला येतो ती भट्टी मात्र बाईनं पाहायची नाही. बाईची सावली पडली, की दगड पोटात कच्चा राहतो आणि भट्टी कलंडते. तिचा नवरा गुमेर्सिंदो, म्हणजे गुमेर, त्याचा बाप असं सांगायचा, बापाचा बाप सांगायचा, आणि गावामागची 'जुनी घरं' ज्यांनी बांधली तेही बहुधा हेच सांगत आले असतील.

जुनी घरं म्हणजे रानात बुडालेलं अख्खं शहर. राजवाड्याच्या दारांची ओळ, झाडं उगवलेले चौथरे, आणि मधोमध वाकड्या नाकाच्या पाऊसदेवाचं देऊळ. एके काळी त्या सगळ्याला चुन्याचा गिलावा होता, गिलाव्यावर तांबडा रंग होता, आणि देवळाच्या पायथ्यापासून चुन्याचा पांढरा रस्ता रानात दूरवर जात होता. त्या गिलाव्यापायी केवढं रान भट्ट्यांच्या पोटात गेलं, ते गुमेर छाती फुगवून सांगायचा. जणू लाकडं त्यानंच तोडली होती.

तो अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता. पोरं दोन्ही कान्कूनच्या हॉटेलांत चादरी बदलायला गेलेली. शेजारचा नासारिओ आणि दोन मजूर एवढेच हाताशी होते.

"ऐकलंस का? लाकूड रचून झालं. उद्या उजाडायच्या आत पेटवतो."

"बरं."

"जेवण चिकूच्या झाडापाशी ठेव. झाडाच्या अलीकडे. माहितीय ना?"

"माहितीय."

"तुला माहितीय, म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला, आणि अंगठ्यानं धार पाहिली.

तिनं मक्याचं पाणी ओतून दिलं. असलं बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. देवळाच्या भिंतीला नवी चीर पडली, की घरी येऊन तो म्हणायचा, "आणखी एक पडली बघ. तुझ्या नावाची."

कारण ते सगळं तेव्हापासून सुरू झालं होतं. फार वर्षांपूर्वी देवळाची डागडुजी निघाली होती, चुन्याचं काम गुमेरला मिळालं होतं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भट्टी. ओली लाकडं चाकाच्या आऱ्यांसारखी गोल रचलेली, वर दगडांची रास, मधल्या भोकातून निखारा आत सोडायचा. ठेकेदाराचा ट्रक चिकूच्या झाडापलीकडे येऊन उभा होता. गावात दुसरं वाहन नव्हतं, आणि दवाखाना पार तालुक्याला.

त्याच सकाळी त्यांच्या लेकीला, सेबीला, आकडी आली. चार वर्षांची पोर, रात्रभर तापानं फणफणलेली. तिला सासूच्या मांडीवर टाकून वेनान्सिया रानाकडे धावली होती. झाडापाशी तिनं हाका मारल्या, पोरीचं नाव घेतलं. धुराआडून तो आवाज आला. आलोच म्हणाला होता.

दुपारी भट्टी एका अंगाला बसली. वरचे दगड काळे, आतले कच्चे. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सेबीला पांढरं नेसवून ठेवलं होतं.

मग गावानं गोष्ट जुळवली. आईच ती, कशाला थांबते? मागच्या झुडपांतून ट्रककडे पळाली असणार. ड्रायव्हर सापडला नसेल, म्हणून हात हलवत परतली असेल. आणि जाता येता सावली पडायची ती पडलीच. ठेकेदार हसला, म्हणाला, पुरे झाले तुमचे सोवळे-ओवळे, आणि त्यानं सिमेंटची पोती आणली. देऊळ सिमेंटनं लिंपलं गेलं. गुमेर चुनेवाला होता तो दुसऱ्यांच्या शेतावर मजूर झाला.

वेनान्सियानं नाही म्हटलं नाही. लोकांच्या त्या गोष्टीत ती धावत होती. तिनं ती गोष्ट तशीच राहू दिली.

राजवाड्याच्या जुन्या दालनांना कमान नाही. दोन भिंती वर चढता चढता एकमेकींकडे झुकतात, झुकत जातात, पण भेटत नाहीत. उरलेल्या फटीवर एक चपटा दगड ठेवला, की छत झालं. तिचं आणि गुमेरचं घर असंच उभं होतं. मधल्या दगडाला कुणी हात लावत नव्हतं.

आता सिमेंटखाली देवळाचे दगड कुजायला लागले होते. ओल आत कोंडते, दगडाचं पीठ होतं. सिमेंट खरवडून पुन्हा चुनाच भरायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी मेरिदा शहरातून रेबेका नावाची तरुण आर्किटेक्ट आली होती. ती अंगणात येऊन "गुमेरकाका, तुम्हीच हवे," म्हणाली, तेव्हा म्हाताऱ्याच्या पाठीचा कणा किती वर्षांनी सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर वेनान्सिया जेवण घेऊन निघाली. भाकऱ्या, काळ्या घेवड्याची उसळ, मक्याच्या पिठाचं आंबूस पाणी. मिरची नाही, भट्टी जळते तोवर पुरुषांनी तिखट खायचं नाही, भांडायचं नाही. चिकूचं झाड आता दुप्पट झालं होतं. चीक काढायला पाडलेल्या जुन्या खाचा बुंध्यावर तशाच होत्या. ती नेहमीच्या मुळावर पाय ठेवून उभी राहिली.

झुडपं तोडलेली होती. आज सगळं दिसत होतं.

भट्टी धडधडत होती. आणि भट्टीच्या अगदी अंगाशी, बूट घातलेली, कपाळाचा घाम पुसत, रेबेका उभी होती. तिची सावली रचलेल्या लाकडांवर पडली होती. गुमेर हॅट छातीशी धरून तिला काहीतरी सांगत होता. ती हसली. तोही हसला. मग तिनं त्याला जवळ ओढलं, हात लांब करून फोनवर दोघांचा फोटो काढला.

नासारिओ जेवण न्यायला आला. त्यानं तिची नजर कुठं आहे ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"काय बघतेस, वहिनी? शहरची बाई आहे."

"बाई आहे ना?"

"आहे... पण ऑफिसची. तिला कोण बोलणार?"

"तो बोलला नाही?"

"गुमेर? तो तर तिला बसायला दगड पुसून देत होता." नासारिओ हसायला गेला आणि मध्येच थांबला. "टोपली दे इकडे. भाकऱ्या गार होतील."

तिनं टोपली दिली. घरी जाऊन चूल सारवली, कोंबड्यांना दाणे टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडापर्यंत गेली, टोपली ठेवली, परतली.

आग विझली. रास दमट हवेत तशीच उघडी राहिली, आणि दगड आपले आपण फुटू लागले, उमलू लागले. मग एका सकाळी गुमेर पोरासारखा अंगणात आला. भुवयांवर, मिशांवर, हातांच्या रेघारेघांत पांढरं.

"चल, म्हातारे! आता चालतं. आता बघायला हरकत नाही."

ती त्याच्यामागून गेली. चिकूचं झाड आलं तशी तिची पावलं आपोआप थांबली. तो पुढं जाऊन वळला.

"अगं ये की!"

ती पुढं गेली. झाडापलीकडची जमीन पायाला वेगळी लागेल असं तिला वाटलं होतं. तशीच होती. समोर पांढरीशुभ्र रास, कापसाच्या ढिगासारखी. गुमेरनं ओंजळ भरली आणि तिच्यापुढं धरली.

"बघ. एक खडा कच्चा नाही. बापाच्या हातूनही असा निघाला नव्हता. आता देऊळ उभं राहील, पोरांच्या पोरांपर्यंत." त्याचा आवाज भरून आला होता, आणि त्या भरात, बहुधा प्रेमानंच, तो म्हणाला, "या खेपेला तू लांब राहिलीस ना, म्हणून."

वेनान्सियानं त्या ओंजळीकडे पाहिलं.

"आणि ती बाई?"

"कोण? रेबेका? तिचं वेगळं. ती साहेबीण."

"बरं."

"लागलं का तुला? अगं, मी काय आता जुनं उकरून काढत नाहीये. तू आई होतीस. पळालीस. कुणीही पळालं असतं. मी तुला कधीच माफ केलंय."

तिनं पदराआड ठेवावेत तसे दोन्ही हात झग्याच्या भरतकामाखाली घेतले. वाऱ्यानं राशीवरची थोडी भुकटी उडाली आणि दोघांच्या मध्ये खाली बसली.

"मी पळाले नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"झुडपांतून गेले नाही. भट्टीपाशी आले नाही. तुम्ही थांब म्हणालात, आलोच म्हणालात. मी थांबले. त्या मुळावर, ऊन डोक्यावर येईस्तोवर."

त्याच्या बोटांतून चुना सांडत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

"अगं, पण मग इतकी वर्षं..."

"हाक मारायला तुमची आई आली, तेव्हाही मी तिथंच होते," वेनान्सिया म्हणाली. "ड्रायव्हर ट्रकच्या टपावर बसून चिकू खात होता. मला दिसत होता."