नाक परत आलं

सिगारेट सोडल्यावर सगळ्यात आधी काय परत येतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, नाक. छाती मोकळी होते, दम कमी लागतो, हे सगळेच सांगतात. नाकाचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी धर्मेश. राहतो बदलापूर गावात आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये सनीशेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. रिद्धीला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी तिने माझ्या खिशातलं पाकीट काढून ओट्यावर आपटलं आणि म्हणाली, "आता घरात एक तर हे राहील, नाहीतर मी." असं बोलल्यावर माणूस वाद काय घालणार? शिवाय माझे बाबा बिडीनेच गेले. शेवटी शेवटी खाटेवरून मोरीपर्यंत जातानाही त्यांना मध्ये बसावं लागायचं. ते बघूनसुद्धा मी ओढत होतो, यावरून माझी अक्कल कळावी. मी पाकीट मागच्या दारच्या चुलीत घातलं.

मला मुळात एक खोड आहे. कुठलीही गोष्ट का होते, ते कळल्याशिवाय मला करमत नाही. त्यामुळे तलफ आली की मी तिच्याकडेच लक्ष द्यायला लागलो. कुठून सुरू होते, हाताला आधी कळते की घशाला? तेव्हा कळलं, ती चढते, डोकं खाते आणि जरा कळ काढली की आपली आपण उतरते. सनीशेठ कटिंग टेबलाला टेकून धूर सोडत आपल्या सिंधी ढंगात म्हणायचा, "साईं, एक कश से क्या होता है?" मी म्हणायचो, "शेठ, तेच तर बघतोय."

आणि मग एक दिवस नाक परत आलं. सकाळी ताग्याची घडी मोडली आणि निळीचा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरकलो. इतकी वर्षं ते कापड कापतोय, त्याला वास असतो हे मला माहीतच नव्हतं. शिलाई मशीनच्या तेलाचा वास वेगळा, शेठच्या केसांच्या तेलाचा वेगळा. घरी आलो की उंबऱ्याबाहेरूनच सांगायचो, आज सुकट आहे. रिद्धी हसायची. "अहो, सातवा महिना मला लागलाय, डोहाळे तुम्हाला लागलेत," म्हणायची. ते दिवस छान होते.

त्याच महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडमनी पडद्यावरची मापं पुन्हा घेतली. बाळाची वाढ मागे आहे म्हणाल्या, सातव्या महिन्याचं बाळ सहाव्यातलं असावं तेवढं दिसतंय. रिद्धीचं बीपी ठीक, शुगर ठीक, जेवणखाण ठीक. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी सिगारेट ओढतं का?"

रिद्धी माझ्याकडे वळून बघायला लागली. माझी आई सखू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, तीही बघायला लागली.

"सोडली मॅडम," मी म्हणालो. "कधीच सोडली." आणि खोडीप्रमाणे विचारलं, "पण सिगारेट मी ओढणार आणि वाढ त्याची खुंटणार, हे कसं काय?"

मॅडमना प्रश्न आवडला असावा. त्यांनी नीट समजावलं. निकोटीन आईच्या रक्तात गेलं की नाळेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बागेतल्या पाइपवर पाय दिल्यासारखं. बाळाला पोचायचं तेवढं रक्त पोचत नाही. बाजूला बसून दुसऱ्याचा धूर घेतला तरी थोडाफार त्रास होतो. मग त्यांनी रिद्धीला विचारलं, "तू स्वतः काही घेत नाहीस ना? तंबाखू, गुटखा?"

"शी! मॅडम, मी तर यांचीपण सोडवली."

हे ती खरं बोलत होती. निदान तिला ते खरं वाटत होतं.

घरी आल्यावर माझी झडती सुरू झाली. आईने विजारीचे खिसे उलटे केले. रिद्धीने शर्टाच्या बगला हुंगल्या. "बाळाची शपथ घ्या," म्हणाली. मी घेतली. तरी तिच्या डोळ्यांतला संशय जाईना आणि मला असा राग आला की त्या क्षणी कुणी सिगारेट दिली असती तर मी तिथेच ओढली असती. न केलेल्या गुन्ह्याचा राग फार चढतो.

पण रागाने बाळ वाढणार नव्हतं. मला वाटलं, धूर माझ्या कपड्यांतून घरी येत असेल. म्हणून मी कारखान्यातले कपडे पडवीतच काढून ठेवायला लागलो, आंघोळ केल्याशिवाय रिद्धीजवळ जाईना. सनीशेठलाही सांगितलं, "शेठ, ओढायची तर बाहेर जाऊन ओढा."

"अरे वा! कारखाना मेरा, और बाहर भी मैं ही जाऊँ?"

"बच्चे की बात है, शेठ."

सनीशेठने सिगारेट टाचेखाली विझवली आणि त्या दिवसापासून जिन्यात जाऊन ओढायला लागला. तिथे पंखा नाही, घामाघूम होऊन यायचा. मालकाने कारागिरासाठी एवढं करावं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पुढच्या तपासणीला बाळ जवळपास तेवढंच होतं. आता मॅडम जपून बोलायला लागल्या. असंच राहिलं तर रिद्धीला ॲडमिट करावं लागेल, वेळेआधी बाळ काढावं लागेल, मग ते काचेच्या पेटीत राहील, मग बघू. परत येताना रिक्षात मी रिद्धीचा हात धरला, तिनेही सोडवून घेतला नाही. माझ्यावरचा तिचा संशय तिथेच संपला असावा. पण मग वाढ अडली कशाने? हा प्रश्न घेऊन मी कापड कापत होतो आणि एकदा तर कापडाच्या अख्ख्या थराचे खिसे उलटे कापले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. कशावरून तरी रिद्धी खळखळून हसली, माझ्या खांद्यावर टेकली, आणि मला वास आला. तिच्या तोंडाचा. कडवट, करपलेला. मी तो हजारात ओळखला असता, कारण कित्येक वर्षं माझ्या बोटांना तोच वास यायचा.

माझं डोकंच फिरलं. ही ओढते? मला शपथा घालून ही चोरून ओढते? छे, शक्यच नाही, धूर बघितला तरी हिला ढास लागते. मग वास कुठून आला? ती उठून मागच्या दारी गेली, तसा कप ठेवून मीही मागोमाग गेलो.

मागे पाण्याच्या पिंपाशी माझी आई आणि रिद्धी उकिडव्या बसल्या होत्या. आईच्या हातात तिची पत्र्याची डबी. तिने चिमूटभर काळी पूड रिद्धीच्या तळव्यावर ठेवली, चिमूटभर आपल्या. मग दोघी तर्जनीने हिरड्या घाशीत शेजारच्या लग्नातल्या साड्यांबद्दल बोलायला लागल्या.

मशेरी!

हे दृश्य मी जन्मापासून बघत आलोय. आमच्याकडे बायकांची सकाळ त्याशिवाय होतच नाही. मशेरी कशाची करतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं की. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटायची, लहानपणी मी स्वतः कुटून दिलीय. पण आमच्या घरात तंबाखू म्हणजे बाबांची बिडी आणि माझी सिगारेट, जिचा धूर छातीत जातो ती. मशेरी दात घासायची वस्तू, मोरीतल्या साबणाच्या शेजारी राहणारी. माहीत असलेली गोष्ट वेळेवर डोक्यात येत नाही, ती अशी.

"आये," मी म्हणालो, "रिद्धी हे कवापासून लावतंय?"

"तिसऱ्या म्हयन्यापासून," आई सहज म्हणाली. "उलट्यांनी पोर जेर झालती. मीच बोलले, जराशी लाव, पोटात अन्न ठरंल. ठरलं का नाय?"

"आणि आता?"

"आता सवय लागली हो," रिद्धी म्हणाली. "जेवल्यावर लागते, झोपतानापण. पण मशेरी आहे ही, तंबाखू थोडीच..."

ती तिथेच थांबली. आपल्या काळ्या बोटाकडे बघत राहिली. मग पिंपातलं पाणी तोंडात घेऊन चुळा भरायला लागली, एकामागून एक, थांबेचना. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच मला धड जमलं नाही.

"काय झालं यवढं?" आई उसळली. "आमी सगल्यांनी लावली, आमच्या आयांनी लावली! धूर हाय का त्याच्यान? तुझ्या बापाला धुरानं नेला. मी काय सुनेला इख देतंय?"

मी फोन काढला आणि मॅडमना लावला. स्पीकर चालू ठेवला, आईलाही ऐकू जावं म्हणून. सगळं ऐकून मॅडमनी मोठा श्वास घेतला. म्हणाल्या, "मी मशेरी असं नाव घेऊन विचारायला हवं होतं. अहो, तंबाखूच ती. हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं, त्याला धूर लागत नाही. आजपासून पूर्ण बंद. याने बाळ लहान राहतं, कधी कधी पोटातच जातं. पण अजून हातात दिवस आहेत, घाबरू नका."

आईने डबीचं झाकण लावलं आणि तडक घरात गेली. मला वाटलं, फुगली.

रिद्धीचे पुढचे दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, झोप यायची नाही, माझ्या चहाच्या फुरक्यानेही ती भडकायची. पण या रस्त्याने मी नुकताच जाऊन आलो होतो. तलफ आली की तिला म्हणायचो, "सांग, आता कुठे आहे? घशात की डोक्यात?" आधी ती चिडायची, मग सांगायला लागली. बडीशेप चघळत, माझ्या हाताला नखं रुतवत सांगायची. "चढतेय... चढतेय... थांबा, उतरतेय वाटतं." आम्ही दोघं ती येताना आणि जाताना बघत बसायचो. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी एवढं कधी बोललो नव्हतो.

आई मात्र आमच्यात येत नव्हती. तिची मशेरी तिने थांबवली होती की नाही, तेही कळत नव्हतं, कारण मागच्या दारी ती दिसायचीच नाही. जेवायला वाढायची, हाक मारली की ओ द्यायची, बस्स. मीही मनात म्हटलं, राहू दे राग चार दिवस. सुनेचं भलं करायला गेली आणि बोल लागला, वाईट वाटणारच.

पुढच्या तपासणीला ती न बोलवता तयार होऊन रिक्षात बसली. दवाखान्यात मात्र आत यायला तयार झाली नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

मॅडमनी बाळाचं डोकं मोजलं, पोट मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "वाढतंय." अजून लहानच आहे, दर आठवड्याला यावं लागेल, पण वाढतंय. रिद्धी आडवी पडल्या पडल्या रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, मी ते पुसलेदेखील नाहीत. रिद्धी साडी नीट करेपर्यंत मी बाहेर आलो.

"वाढतंय, आये!"

आईने मान हलवली. मला वाटलं, आता एकवीरेला हात जोडील. तिने जोडले नाहीत.

"धर्मेश, ती मॅडम त्या दिवशी काय बोलली? पोटातच जातं बोलली ना?"

"कधी कधी जातं. आपलं आता वाढतंय ना?"

"तुझ्या आधी येक पोर झालती मना," आई म्हणाली. "घरीच. दिवस सगले भरलेले, पन बारीक. यवढीशी." तिने मांडीवर ओंजळ करून दाखवली. "रडलीच नाय. सगली बोलली, नजर लागली. मना वाटलं, जावेनंच कायतरी केलं. ती मरंपर्यंत मी तिच्याशी बोलले नाय."

मी तिच्या शेजारी बसलो. मला एक बहीण होती हे मला आज कळत होतं. आणि ती काकू आमच्या दारावरून खाली मान घालून का जायची, तेही.

"मना पन उलट्या व्हायच्या," आई म्हणाली. "सारखी लावायची मी. त्यानंच झालं का रं?"

छे, त्याने कसं होईल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईने एवढी वर्षं दुसऱ्याच कुणाला तरी दोष दिला, तिला मी आणखी एक खोटं कसं देऊ?

"आता कोनालाच सांगता येनार नाय, आये."

"पन असंल."

"असंल."

तिची ओंजळ अजून मांडीवर तशीच होती.

"नाव काय ठेवलेलं तिचं?"

"रडली असती," आई म्हणाली, "तर ठेवलं असतं."