रजेवरचा माणूस

कारकुनाने रजेचा अर्ज इस्पितळातल्या खाटेवर पसरला, तोही थेट जवानाच्या प्लास्टरमधल्या पायावर. जणू लिहायला टेबलच मिळालं. जवानाची बायको उशाशीच बसली होती. साहेबांनी पाठवलेली सफरचंदं तिने सकाळीच शेजारच्या खाटेवर देऊन टाकली होती.

गुरुवारी साहेबांच्या बंगल्यावरची पाण्याची टाकी धुताना तिचा नवरा छपरावरून घसरला आणि गुडघ्याचा चुरा झाला. आता साहेबांना तो त्या दिवशी रजेवर हवा होता. रजेवर पडला म्हणजे दोष ज्याचा त्याचा: इस्पितळातल्या दिवसांचा पगार कापायचा, पुढची शस्त्रक्रियाही घरच्या खर्चाने. कारकुनाने हे सगळं मधात घोळवून सांगितलं. साहेब माणसाला वाऱ्यावर सोडणारे नाहीत, असंही वर म्हणाला.

"नाहीत ना. छपरावरून सोडणारे आहेत," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे न बघता पेन मागितलं. साहेबांचा शेरा, बढती, असं काहीबाही पुटपुटला. नोकरीला बारा वर्षं झाली, तरी मान अजून भरतीच्या रांगेतल्यासारखी वाकलेलीच होती. त्याने मागची तारीख घातली आणि सही केली. तीही झोकात. तिला त्याचाच जास्त संताप आला.

कारकुनाच्या आधी तिने अर्ज उचलला. सावकाश वाचला.

"म्हणजे गुरुवारी हे रजेवर होते."

"हो ना, वहिनी. मिटलं सगळं."

"गुरुवारी यांचा शस्त्रागारावर पहारा होता. डबा मीच भरून दिला. तिथून उठवून नेलं साहेबांनी." तिने कागदाची घडी घातली. "पहाऱ्याच्या वहीत त्या दिवशी चारही माणसं हजर आहेत. खाली सही कुणाची हो, भाऊजी?"

सही साहेबांची होती, आणि वहीत ती कारकुनानेच घेतली होती. त्याने हात पुढे केला.

"अर्ज द्या इकडे."

"देते की. आधी मोठ्या साहेबांना वाचायला देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः आले. हातात नवा कागद होता, 'कामावर असताना जखमी' असा. नवरा पडल्या पडल्या सलामासाठी धडपडू लागला. तिने त्याचा खांदा दाबून धरला.

"वाचून दाखवा," ती साहेबांना म्हणाली. "यांना ऐकू जाईल असं."

साहेबांनी घसा खाकरला आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. नवऱ्याने शरमेने डोळे मिटून घेतले.