नॉर्मल बायकोच्या पेशी

शरीरातल्या घड्याळावर मी ठिकठिकाणी भाषणं देतो, लोक टाळ्या वाजवतात. घरी मी तोंड उघडलं की बायको पेंगते. दिवे लागायचा अवकाश, हिचे डोळे मिटलेच. "तुला माझा कंटाळा येतो," असं मी वर्षानुवर्षं ऐकवल्यावर शेवटी ती म्हणाली, "बरं, येतो. रविवारी ताईकडे जाते. राहायला." आणि खरंच बॅग भरली.

प्रयोगशाळेत तेव्हा वेगळंच रडगाणं चालू होतं. आपल्या पेशींत एक प्रथिन साठतं आणि मोडतं, त्या तालावर हे घड्याळ चालतं. ते किती टिकेल, हे त्याला चिकटणारे फॉस्फेटचे बारीक ठिपके ठरवतात. एका ठरावीक जागी ठिपका चिकटला नाही, तर अख्खं घड्याळ पुढे धावतं. आम्ही पेशी चमकायला लावतो आणि चमक कधी मंदावते ते बघतो. ज्यांचं घड्याळ असं पुढे धावतं, त्या रुग्णांच्या पेशी लवकर मंदावल्या, ठीक. पण तुलनेला घेतलेल्या नॉर्मल पेशीही तशाच. मी इन्क्युबेटर बदलला, द्रावण बदललं, सहकारिणीवर खेकसलो.

"सर, या नॉर्मल पेशी आणल्या कुठून?" तिने विचारलं.

"घरून. बायकोच्या दंडाच्या कातडीतून."

"आणि ती नॉर्मल आहे, हे कोणी ठरवलं?"

मी ठरवलं. नवऱ्याशिवाय कोण ठरवणार?

बायकोचं जनुक तपासलं. नेमकी तीच जागा बिघडलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही सरकारी अनुदानावर.

ती जागी सापडावी म्हणून उजेड असतानाच घर गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

"म्हणजे झोप प्रथिनामुळे," ती म्हणाली. "मग पहाटेचं काय?"

"पहाटेचं काय?"

"जागही लवकर येते ना. अंधारात पडून तुझी वाट बघते. एकदा हलवलं, तर म्हणालास, झोपेचं शास्त्र मला शिकवू नकोस."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ती माझ्याशेजारी एकटी जागी होती. "उद्या उठव," मी म्हणालो. "नाही उठलो तर पाणी ओत."

तिने ओतलं. मग अंधारात ती बोलायला लागली. माझे डोळे मिटायला लागले, म्हणून मी उठून उभा राहिलो आणि उभ्यानेच ऐकलं. लख्ख उजाडलं तरी तिचं संपलं नव्हतं.

मग तिने ताईला फोन केला. "या रविवारी नको," म्हणाली. 'या' शब्दावरचा जोर मी पूर्ण जागेपणी ऐकला.