खुडलेले शेंडे

कडुबामामांनी दिलेली हरभऱ्याची भाजी अदीबानं बोटं चाटत खाल्ली, मग कॉलेजच्या शेडनेटमध्ये गेली आणि मटकन खालीच बसली. चाळीसही कुंड्यांतले शेंडे खुडलेले! पोरीनं स्वतःचाच प्रयोग भाकरीबरोबर खाल्ला होता.

"हरभरा महिन्याचा झाला का शेंडा खुडावाच लागतो, ताई. फुटवे लई येतात," शेडनेटचे राखणदार कडुबामामा म्हणाले. फुलंब्रीकडं जन्मभर त्यांनी हेच केलेलं, त्यांचं तरी काय चुकलं?

पण अदीबाची पीएचडीची तीन वर्षं त्या शेंड्यांत होती. रोप वाढतं ते शेंड्यातल्या स्टेम सेलमुळं. एक जनुक त्यांना जागं ठेवतं, दुसरं आवरतं. तिच्या वीस रोपांत आवरणारं जनुक बिघडलेलं, म्हणून शेंडा पट्टीसारखा चपटा येतो, असं तिचं म्हणणं. बाकीची वीस साधी, तुलनेपुरती. तिचे गाइड बद्रीनाथ सर मात्र हटून बसलेले: चपटी रोपं कुंपणाला लागून आहेत, पलीकडच्या शेतातून तणनाशक उडालं असणार, त्यानंच शेंडे चपटे झाले.

"आता तर पुरावाच पोटात गेला," सर खो खो हसले. "विषय बदल. हा फॉर्म, कर सही. नाहीतर वाळूजच्या कारखान्यात नोकरी बघ."

अदीबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाही करणार, सर. रोपं जिवंत आहेत अजून."

मामांना हाताशी घेऊन तिनं सगळ्या कुंड्या गच्चीवर नेल्या, साध्या आणि चपट्या मिसळून ठेवल्या. तिथं कुठलं आलंय तणनाशक! तीन आठवड्यांत फुटवे आले. साध्या रोपांना बारीक, सरळ. तिच्या विसांना मात्र एकूण एक चपटे! बिघाड आतलाच होता, जनुकातला.

सरांनी वाकून वाकून पाहिलं. "शाबास! लिही, शेंडे खुडायची कल्पना माझी."

"खुडले मामांनी. तसंच लिहिणार."

"राखणदाराचं नाव प्रबंधात? मग माझी सही विसर."

घ्या! त्या सहीवाचून प्रबंध पुढं सरकणार नव्हता. तरी अदीबानं दोन कुंड्या उचलल्या.

"मामा, दोन तुम्ही घ्या."

"कुठं, ताई?"

"पीएचडीच्या कमिटीपुढं. सही नसली तर नसू द्या, रोपं तर बघतील."

सर जिन्यात आडवे उभे राहिले.

"बाजूला व्हा, सर," ती म्हणाली. "शेंडे मोडतील."

सर बाजूला झाले.