जोडीची पावती

संग्रहालयाच्या खुर्चीत बसलेले साहेब, जपायला दिलेली वस्तू तुम्ही बाजारात विकलीत.

करगंदा शहरातल्या एका चहाखान्यात दर रविवारी कॅमेरावेडी मंडळी आठवडाभराची खरेदी मांडून बसतात. नवी वस्तू बघणाऱ्याने मालकाच्या हातावर काहीतरी ठेवायचं. त्याला बायगाझी म्हणतात. परवा ओराझने जुना कॅमेरा टेबलावर ठेवला. म्हाताऱ्या जुमागलीने मागचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या रंगात संग्रहालयाचा नोंदक्रमांक होता आणि कडेला जुमागलीच्या बापाने खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं. बापाने खाणकामगारांचे फोटो काढले ते याच कॅमेऱ्याने. चार वर्षांपूर्वी जुमागलीनेच तो संग्रहालयाला दिला होता.

ओराझ हसत म्हणाला, थोरल्यांना म्हणतात तसं आगा म्हणत, "तोंड का पडलं, आगा? जळताय होय? बायगाझी काढा."

पाकिटात जपून ठेवलेली संग्रहालयाची पावती जुमागलीने काढून दिली.

"घे. याच्याच जोडीची आहे."

वाचता वाचता ओराझचं हसू मावळलं. त्याने कॅमेरा पुढे सरकवला. "घरी न्या, आगा."

"तू विकत घेतलायस. मी का नेऊ? विकणाऱ्याने बोलावं."

साहेब, पावतीवर 'कायम जतनासाठी' असं लिहिलंय आणि खाली सही तुमची आहे. मग कॅमेरा बाजारात कसा आला? उत्तर द्या.